बागेतलं तांबं आणि जमिनीचा सामू

प्रश्न : नमस्कार ताई. दोडामार्ग तालुक्यात आमची पोफळीची जुनी बाग आहे. सासऱ्यांच्या काळापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळण्याच्या रोगासाठी) दर पावसाळ्यात दोनदा बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारलं जातं. बागेच्या एका अंगाची म्हातारी झाडं काढून तिथे वांगी, मिरची आणि पालेभाजी केली, पण रोपं जीव धरत नाहीत. पानं पिवळी पडतात. उपटून बघितलं तर मुळं आखूड, जाडसर, काळपट. माती तपासून घेतली. सामू (पीएच; सातच्या खाली म्हणजे आम्ल) ५.१ आणि तांबं ‘अति जास्त’ असं आलं. शेऱ्यात ‘चुना घालावा’ एवढंच लिहिलंय. माझा भाऊ निफाडला द्राक्षं करतो. त्याच्या बोर्डोच्या फवारण्या आमच्याहून जास्त, तरी दोन ओळींमधली मेथी त्याच्याकडे चांगली येते. मग तांबं आम्हालाच का बाधलं? चुन्यानं ते जाणार तरी कुठे? आणि फवारणीत चुना असतोच, तो पुरत नाही का?
(एक वाचक भगिनी, दोडामार्ग)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्याच्यात आहे.

बोर्डो तयार झालं की तुमच्याकडे कुणीतरी विळ्याचं घासून चकचकीत केलेलं पातं त्यात बुडवून बघत असेल. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालायची, थर चढेनासा झाला की मगच पंप भरायचा. मोरचूद पाण्यात विरघळलं की तांबं मोकळं होतं. मोकळं तांबं लोखंडावर जाऊन बसतं आणि तेच पानावर पडलं तर पान करपतं. चुना पडला की पाण्यातलं आम्ल मरतं, तांब्याचा न विरघळणारा निळा साका तयार होतो आणि पातं स्वच्छ राहतं. पिंपातलं तांबं गुंजभरही कमी झालेलं नसतं. ते बांधलं गेलेलं असतं, एवढंच. तुमच्या जमिनीत हीच गोष्ट उलट दिशेनं घडते आहे. बांधलेलं तांबं आम्ल मातीत सुटतं आहे आणि पानाऐवजी मूळ करपतं आहे.

आता हिशेब मांडू. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. हेक्टरी एका फवारणीला १,००० लिटर धरलं तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं. दोन फवारण्यांचं ५ किलो, चाळीस वर्षांचं २०० किलो. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर ढोबळमानानं २० लाख किलो भरतो. त्यात हे तांबं सारखं पसरलं तर किलोभर मातीत १०० मिलिग्रॅम होतं. पावसानं वाहून नेलेलं आणि सुपारीबरोबर गेलेलं यातून वजा करा. पण झावळ्यांवरून ठिबकून जिथे पाणी पडतं, तिथला आकडा सरासरीपेक्षा मोठाच असणार. युरोपीय संघानं २०१९ पासून तांब्याच्या औषधांना सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. तुमचा साधा, कुठेही अतिरेक नसलेला हिशेब त्याच्यावर जातो.

फवारणीतला चुना या हिशेबात कितीसा? एका फवारणीला हेक्टरी १० किलो. त्यातला काही मोरचुदाचं आम्ल मारण्यातच खर्ची पडतो. सामू ५.१ असलेल्या जमिनीची भूक टनांत मोजावी लागते.

तुमचा अनुभव एकट्या तुमच्या बागेचा नाही. मिलार्दे यांनी फ्रान्समध्ये हे मिश्रण १८८५ मध्ये लोकांपुढे आणलं. पुढे ज्या बोर्डो भागावरून त्याला नाव मिळालं, तिथल्याच वाळूसर आम्ल जमिनींत जुन्या द्राक्षवेली काढून दुसरं पीक घ्यायला गेलेल्यांना पिवळी पानं आणि खुंटलेली मुळं बघावी लागली. आपल्या बाजूला पाहायचं तर म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास पोफळीच्या कोळेरोगावर बोर्डोची फवारणी रुजवली. मलनाडातल्या (कर्नाटकच्या डोंगराळ भागातल्या) काही बागांच्या मातीत तेव्हापासूनचं तांबं असेल. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. त्या फवारण्यांनी हजारो कुटुंबांची सुपारी वाचवली हेही तितकंच खरं आहे, आणि तुमच्या सासऱ्यांनी त्यांच्या काळात योग्य तेच केलं.

आता निफाड. प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला येणाऱ्या शेतकऱ्यांना मी एक प्रयोग दाखवत असे. दोन नरसाळी घ्यायची, खाली गाळणकागद. एकात गोदाकाठची काळी माती, दुसऱ्यात सावंतवाडीकडची तांबडी. दोन्हींवर मोरचुदाचं पातळ द्रावण हळूहळू ओतायचं. खाली जमलेल्या पाण्यात अमोनियाचे चार थेंब टाकले की तांबं असेल तर गडद निळा रंग उमटतो. काळ्या मातीखालचं पाणी बेरंग राहायचं, तांबडीखालचं निळं व्हायचं. खरी गंमत पुढे. त्याच काळ्या मातीवर सौम्य आम्ल ओतायचं. चुनखडी फसफसायची, ती फसफस थांबेपर्यंत आम्ल घालत राहायचं, आणि मग खालून निळं पाणी यायला लागायचं. खोलीतली कुजबुज तिथे थांबायची. मातीनं तांबं नष्ट केलं नव्हतं, धरून ठेवलं होतं, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नसे.

धरून ठेवते म्हणजे काय? चिकणमातीच्या कणांच्या आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, निकेल हे मातीच्या पाण्यात धन भाराचे आयन म्हणून हिंडतात आणि त्या ऋण जागांवर जाऊन बसतात. काळ्या जमिनीतल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीचा ऋणभार तिच्या स्फटिकाच्या घडणीतच असतो, त्यामुळे सामू हलला तरी तो बराचसा टिकतो. शिवाय तिथे चुनखडीचे बारीक कण आहेत, त्यांच्यावरही धातू बसतात. आपली जांभ्याची माती मुख्यतः केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं यांची. यांचा भार सामूबरोबर बदलतो. सामू उतरला की हायड्रोजनचे आयन त्या जागा पटकावतात, ऑक्साइडांच्या अंगावर तर उलटा धन भार चढतो, आणि धन भाराचा धातू त्यांच्यापासून दूर ढकलला जातो. सामूचा एक अंक म्हणजे हायड्रोजनच्या आयनांत दहा पट फरक. तुमचा ५.१ आणि भावाचा समजा ८.१ असेल, तर तुमच्या मातीच्या पाण्यात ते हजार पट जास्त आहेत.

दुसरी बाजू धातूची. सामू वाढतो तसा धातूचा आयन पाण्यातला हायड्रॉक्सिल धरतो आणि या जोडीत तो मातीला जास्त घट्ट चिकटतो. हे प्रत्येक धातूचं वेगवेगळ्या सामूला सुरू होतं. शिसं आणि तांबं लवकर बांधले जातात. जस्त, निकेल आणि कॅडमियम यांना त्याहून बराच चढा सामू लागतो. म्हणून आम्ल जमिनीत कॅडमियम आणि जस्त सर्वांत मोकळे फिरतात, तर तांबं पुष्कळ दम धरतं, कारण सेंद्रिय द्रव्याशी त्याचं फार घट्ट जमतं.

मला वाटतं, तुमच्या तुकड्यात नेमकं इथेच बिनसलं. पोफळी उभ्या होत्या तोवर सावली होती, पाचोळा पडत होता, आणि तांब्याचा मोठा भाग त्या कुजलेल्या पाचोळ्यानं धरला होता. झाडं काढली, जमीन खणली, ऊन थेट पोचलं. कोकणच्या उष्णतेत आणि ओलाव्यात उघड्या जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य भराभर जळतं. धरणारा हात गेला आणि सामू आधीच खाली होता. जुन्या पोफळींना जे जाणवलं नाही ते मिरचीच्या कोवळ्या मुळाला जाणवलं. मुळांची टोकं मेली की झाडाला लोह घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी.

भावाच्या बागेत नीट पाहा, तिथेही पिवळी पानं सापडतील, पण वेगळ्या कारणानं. निफाडकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही वेलीला मिळत नाही, केवडा (लोहाअभावी येणारा पिवळेपणा) पडतो, आणि भाऊ फेरस सल्फेट विकत आणून देतो. जी पकड त्याच्या वेलीचं लोह आणि जस्त अडवते, तीच त्याच्या मेथीला तांब्यापासून वाचवते. बेसाल्टपासून झालेल्या त्या काळ्या जमिनीत फवारणीशिवायही मुळातच तांबं चांगलं असतं. एकूण तांब्याचा आकडा काढला तर त्याचा तुमच्याइतका किंवा जास्तही निघेल. म्हणून ‘एकूण किती’ या आकड्यावर मी कधीच थांबत नाही. ‘मोकळं किती’ हे विचारते.

तुमच्या अहवालातलं तांबं डीटीपीए पद्धतीनं, म्हणजे डीटीपीए या रसायनाच्या द्रावणानं मातीतून ओढून, काढलेलं असणार. ही पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि ती मुख्यतः चुनखडीच्या जमिनींत सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता शोधण्यासाठी होती. तांब्याचा ०.२ पीपीएम (किलोला मिलिग्रॅम) हा आकडा तिथे ‘कमी’ची रेषा म्हणून धरतात. त्या द्रावणाचा सामू ७.३ वर बांधलेला असतो. म्हणजे तुमची माती ५.१ ची असली तरी परीक्षा ७.३ ला घेतली जाते, आणि आम्लतेमुळे किती तांबं सुटतं ते त्या आकड्यात पूर्ण उतरत नाही. जमलं तर प्रयोगशाळेला कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणानं काढलेलं तांबंही विचारा. ते मुळाला जे भेटतं त्याच्या जास्त जवळ असतं. आणखी एक तपासणी नक्की करून घ्या, विनिमयक्षम (मातीच्या कणांवरून सहज सुटणाऱ्या) ॲल्युमिनियमची. सामू साडेपाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम सुटायला लागतं आणि तेही मुळं अशीच आखूड, जाड करतं. दोघांपैकी कोणाचा वाटा किती, हे मुळं नुसती बघून ठरवू नये. उपाय मात्र दोघांवर एकच, चुना.

किती चुना हे फक्त सामूवरून ठरवू देऊ नका. ५.१ सामूच्या दोन जमिनींची भूक वेगळी असू शकते. चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तिथे जास्त चुना लागतो. ‘चुन्याची गरज’ म्हणून बफर द्रावणानं करायची वेगळी चाचणी असते, ती मागा. सामू ६ ते ६.५ च्या मध्ये आणायचा, त्यापुढे हौसेनं जायचं नाही. फार चुना घातला तर जस्त, मँगनीज आणि बोरॉन अडतात. शिवाय चढ्या सामूला ह्युमस (कुजून मुरलेलं सेंद्रिय द्रव्य) पाण्यात विरघळू लागतं आणि आपल्याबरोबर थोडं तांबंही घेऊन निघतं. तुमच्यासाठी बारीक दळलेला डोलोमाइट मला जास्त पसंत आहे, कारण कोकणच्या धुपलेल्या जमिनीत मॅग्नेशियमही कमी असतं. हप्ते दोन करा. पहिला हप्ता पाऊस संपता संपता, ओल असताना, रिकाम्या तुकड्यात वीतभर खोल मिसळा. उभ्या पोफळींखाली मात्र खणू नका, त्यांची मुळं वरच असतात. तिथे पसरून वरून पाचोळा घाला. युरियाबरोबर किंवा ताज्या शेणखताबरोबर चुना मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाईल. चांगलं कुजलेलं शेणखत काही आठवड्यांनी भरपूर घाला. तांबं धरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आपले वाडवडील तरव्याला (भाताच्या रोपांसाठी) राब भाजत, त्यातून पडणारी राखही सामू चढवते. मूठभर जागेपुरतं ते काम करतंच. सबंध बागेला राख पुरणार नाही, आणि त्यासाठी कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडून जाळावं असं मी आज कुणाला सांगणार नाही.

तुमचा मधला प्रश्न, तांबं जाणार कुठे? कुठेही नाही. म्हणून चुना एकदा घालून विसरायची गोष्ट नव्हे. तुमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो. युरिया आणि अमोनियम सल्फेट जमिनीत नायट्रेट होताना आम्ल सोडतात. सामू पुन्हा उतरेल आणि बांधलेलं सुटेल. दर दोन-तीन वर्षांनी त्या तुकड्याचा सामू मोजत राहा. बागेच्या उरलेल्या भागात घडांना पावसापूर्वी प्लास्टिकच्या पिशव्या बांधायची पद्धत करून बघा. मजुरी लागते, झाडावर चढणारी माणसं मिळणं अवघड झालंय, हे मला माहीत आहे. पण जितक्या घडांना पिशवी, तितकं तांबं जमिनीत उतरायचं टळतं.

प्रश्न : माझी जमीन काळी, भारी, सामू ८.३, चुनखडी १० टक्के. शहराजवळ असल्यानं शहरी कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्तात मिळतं आणि नाल्याचं पाणी वर्षभर असतं. आमच्याकडे एका कृषी सल्लागारांनी सांगितलं की विम्लधर्मी (अल्कधर्मी, चढ्या सामूच्या) जमिनीत जड धातूंची चिंता करू नये. हे बरोबर का?
(एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यासाठी मला तुमची काळजी वाटते.

शिसं, तांबं, जस्त, निकेल, कॅडमियम यांच्यापुरतं तुमची जमीन मोठं संरक्षण देते. १० टक्के चुनखडी म्हणजे वरच्या १५ सेंटिमीटरात हेक्टरी साधारण २०० टन. दोडामार्गच्या भगिनी जो चुना पोत्यांनी नेतील, त्याचे डोंगर तुमच्या शेतात आयते आहेत. खतांच्या आम्लानं ते संपायला पिढ्या लागतील. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात एक शेत १८८० च्या दशकात पडीक सोडलं. पूर्वी घातलेल्या खडूमुळे (चुनखडीच्याच एका प्रकारामुळे) तेव्हा त्याचा सामू सातच्या आसपास होता. शंभर वर्षांत तिथे झाडी माजली आणि सामू चारच्या जवळ आला. तुमच्याकडे पाऊस कमी आणि चुनखडी अफाट, त्यामुळे ती गत होणार नाही.

पण सगळे धातू धन भाराचे नसतात. आर्सेनिक, षट्संयुजी क्रोमियम, मॉलिब्डेनम, सेलेनियम हे मातीच्या पाण्यात ऋण भार घेऊन वावरतात. ऋण भाराच्या चिकणमातीला ते धरत नाहीत. त्यांना बसायला लोहाच्या ऑक्साइडांचे धन भाराचे पृष्ठभाग लागतात, आणि ते पृष्ठभाग सामू चढला की कमी होतात. म्हणजे कॅडमियमला कोंडून ठेवणारा तुमचा ८.३ सामू क्रोमेटला, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमला, मोकळं रान देतो. नाल्याच्या वरच्या अंगाला चामडं कमावण्याचे किंवा धातूंना मुलामा चढवण्याचे कारखाने असतील, तर पाण्यातलं क्रोमियम तपासल्याशिवाय ते भाजीला देऊ नका. तपासणीत एकूण क्रोमियमबरोबर षट्संयुजी वेगळं मागा. त्रिसंयुजी क्रोमियम तुमच्या जमिनीत जवळपास न हलणारं असतं. विषारी आणि धावतं ते दुसरं.

दुसरी अडचण ठिबकची. पूर्ण शेताचा सामू ८.३ असतो, पण मुळं जिथे दाटलेली असतात त्या ड्रिपरखालच्या ओंजळभर मातीत आपण फॉस्फरिक आम्ल, अमोनियमयुक्त खतं, नळ्या धुताना सोडलेलं आम्ल, केवडा जावा म्हणून घातलेलं गंधक असं सगळं एकाच जागी ओतत असतो. चुनखडी तिथेही झुंजते, पण वर्षानुवर्षं त्याच जागी ओतलं तर तिथली संपत जाते. मातीचा नमुना दोन ओळींच्या मधून काढला तर हे कळणार नाही. ड्रिपरखालचा एक नमुना वेगळा द्या.

कंपोस्टबद्दल. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी दर किलोमागे मर्यादा दिलेल्या आहेत : कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, आर्सेनिक १०, तांबं ३००, जस्त १,०००, पारा ०.१५. विक्रेत्याकडे त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा आणि नसेल तर घेऊ नका, स्वस्त असलं तरी. ओला आणि सुका कचरा वेगळा न करता केलेल्या कंपोस्टमध्ये बॅटऱ्या, रंग, पत्रे सगळं भरडलं जातं. धातू एकदा जमिनीत गेला की बाहेर काढायचा परवडणारा मार्ग तुमच्याकडे नाही, हे घेताना लक्षात असू द्या.

आणि शिसं. ते मुळातून झाडात फार थोडं चढतं, आम्ल जमिनीतही. पण धुळीबरोबर पानावर आणि मुळ्याच्या सालीवर बसतं, तिथे सामूचं काही चालत नाही. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्यापूर्वीचं शिसं जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत अजून आहे. पालेभाजी रस्त्यापासून आत घ्या, आणि नाल्याच्या पाण्यावरची भाजी कच्ची कुणाला खायला देऊ नका. तिथे धातूंपेक्षा रोगजंतूंचा धोका जवळचा आहे.

प्रश्न : मी जपानमध्ये नागोयाला नोकरी करतो. तोयामाला गेलो असताना तिथलं इताई-इताई आजाराचं संग्रहालय पाहिलं. जिन्झू नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतांची माती बदलण्याचं काम कित्येक दशकं चाललं होतं असं कळलं. आपल्या सदरात चुन्याबद्दल वाचतो. तिथे चुना घालून का भागलं नाही?
(एक वाचक, नागोया)

उत्तर : वाचक हो, हे संग्रहालय पाहायला हवं अशा जागांपैकी आहे. जिन्झूच्या वरच्या अंगाला कामिओका इथे शिसं आणि जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतंच. ते नदीत आलं, नदीतून पाटांत, पाटांतून खाचरांत. भातावर जगणाऱ्या तिथल्या लोकांची, विशेषतः अनेक बाळंतपणं झालेल्या पोक्त बायकांची, मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि हाडं इतकी मऊ झाली की खोकल्यानंही मोडत. ‘इताई’ म्हणजे दुखतंय. सरकारनं हा प्रदूषणाचा आजार असल्याचं १९६८ मध्ये मान्य केलं. त्या बायकांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी न्यायालयात लढून निकाल मिळवला, याचा मला मनापासून आदर आहे.

चुना तिथे पुरला नसता, याचं कारण भाताच्या पाण्यात आहे. खाचर भरलेलं असताना मातीतला प्राणवायू संपतो आणि आम्ल जमिनीचा सामू आपोआप सातच्या दिशेनं चढतो. कॅडमियम गंधकाशी जुळून सल्फाइड होतं, म्हणजे जवळजवळ बंदिस्त. पण कापणीसाठी पाणी तोडलं की हवा शिरते, सल्फाइडचं सल्फेट होतं, त्यात आम्ल तयार होतं, सामू घसरतो, आणि नेमकं दाणा भरताना कॅडमियम मोकळं होतं. जमिनीत ते भरपूर असेल तर चुना यातला थोडाच भाग झेलतो. एखाद्या वर्षी पाऊस आखडला, पाणी लवकर हटलं, की दाण्यातला आकडा वर जाणार. आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पांढऱ्या तांदळासाठी किलोला ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पिढ्यान्‌पिढ्या रोजचा भात खाणाऱ्यांसाठी असा भरवसा हवामानावर टाकता येत नाही. म्हणून त्यांनी दूषित माती काढून किंवा पुरून वर स्वच्छ माती घातली. हे काम २०१२ मध्ये पुरं झालं, तीस वर्षांहून जास्त काळ लागला.

जिथे दूषण हलकं आहे तिथे जपानी शेतकरी भात निसवण्याआधी (लोंब्या बाहेर पडण्याआधी) तीन आणि नंतर तीन आठवडे खाचरात पाणी राखतात, आणि सामूसाठी चुना वगैरे देतात. या उपायाची दुसरी कड आर्सेनिकची. पाणी साचलं की लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांनी धरलेलं आर्सेनिक सुटतं. बंगालसारख्या आर्सेनिकच्या प्रदेशात हाच सल्ला दिला तर दाण्यात आर्सेनिक वाढेल. एका धातूसाठी पाणी ठेवा, दुसऱ्यासाठी सोडा, अशी ही ओढाताण आहे, आणि खाचरात दोन्ही असतील तर मातीची तपासणी केल्याशिवाय कुणीही सल्ला देऊ नये.

यातून निघायची एक वाट भाताच्या मुळातच सापडली. भाताचं मूळ मँगनीज आत घेण्यासाठी जे प्रथिन वापरतं, त्यातूनच कॅडमियमही शिरतं. २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या वाणात ते प्रथिन निकामी झालेली झाडं निवडून काढली. त्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ उतरतच नाही. मँगनीज कमी मिळूनही त्या प्रयोगांत उत्पन्न फारसं घटलं नाही. मात्र मँगनीज तुटपुंजं असलेल्या जमिनीत अशा वाणाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल.